सोलापुरात क्लोव्हर सापडला म्हणताय? आधी एवढं तपासा

मागच्या ऑगस्टात भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. मैत्रिणींबरोबर हिप्परग्याच्या तलावावर गेली होती, काठच्या चिखलात हिरवीगार चार-चार पानं, आणि खाली मेसेज, मामा हे बघ फोर लीफ क्लोव्हर, एक नाही अख्खा गालिचा आहे, आता लॉटरीचं तिकीट काढ. क्लोव्हर म्हणजे तीन पानांचं एक परदेशी गवतासारखं झाड, त्याचं चार पानांचं सापडलं की नशीब उघडतं म्हणतात. मी लिहिलं, बाळा, जी गोष्ट दहा हजारात एक सापडते म्हणतात ती एकाच जागी दहा हजार दिसायला लागली तर ती ती गोष्टच नव्हे. झालं, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी विचारलंन, बरं मग ते काय आहे ते तरी सांग.

मी काय बॉटनीचा प्राध्यापक नाही. बी-बियाणं आणि खताच्या दुकानात पंधरा वर्षं बसलोय, आणि लोक शेतातनं तण उपटून आणून काउंटरवर टाकतात, हे काय उगवलंय बघा ओ जरा म्हणून, त्यातनं शिकत गेलो. भाचीला आणि तिच्या ग्रुपला तुकड्यातुकड्यानं जे सांगत आलो ते एकदाच इथं लिहून टाकतो, म्हणजे पुढचा फोटो पाठवायच्या आधी निदान अर्धं काम तुमचं तुम्हीच कराल.

आधी क्लोव्हर म्हणजे काय ते. शास्त्रातलं नाव ट्रायफोलियम, म्हणजे सरळ सरळ तिपानी. ही एक जात नाही, अडीचशेच्या वर जातींचं मोठं खानदान आहे, शेंगवर्गातलं. आपल्याला घरात बघायला मिळणारा त्याचा एक जवळचा पाहुणा कोण माहितीय का, मेथी. लक्ष्मी मार्केटातनं मेथीची जुडी आणा आणि निवडायच्या आधी एक काडी हातात धरून नीट बघा, एका देठावर तीन पानं, कडेला बारीक दाते, मधलं पान थोडं पुढं. मेथी, लसूणघास, रानमेथी आणि क्लोव्हर ही सगळी एकाच घराण्यातली चुलत भावंडं. मेथी डोळ्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून मी ग्रुपमधल्या पोरांना पहिला अभ्यास हाच दिला होता, त्यांच्या आयांनी मला मनातल्या मनात आशीर्वाद दिले असणार कारण त्या दिवशी भाजी फुकट निवडून मिळाली.

चार पानांचा म्हणून जो फेमस आहे तो पांढरा क्लोव्हर, ट्रायफोलियम रेपेन्स. त्याला मुळात तीनच पानं असतात, चौथं कधीतरी चुकून येतं. दहा हजारात एक हा जुना अंदाज, युरोपात लोकांनी लाखोंनी पानं मोजली तेव्हा साधारण पाच हजारात एक असा हिशोब निघाला. जपानमध्ये शिगेओ ओबारा नावाच्या माणसाच्या बागेत २००९ साली ५६ पानांचा एकच देठ निघाला होता, पण ते त्यांनी वर्षानुवर्षं निवडून निवडून वाढवलेलं होतं, रस्त्याकडेला पडलेलं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, आणि बहुतेक जण इथंच चुकतात. झाड ओळखायचं म्हणजे लोक लगेच पान झूम करायला लागतात. मी म्हणतो पान नंतर बघा, आधी जागा बघा. प्रत्येक झाडाला एक गाव असतं, त्याला नॅचरल रेंज म्हणतात, म्हणजे माणसानं उचलून नेलं नसतं तर ते झाड आपल्या आपण कुठवर पसरलं असतं तो पट्टा. पांढऱ्या क्लोव्हरचा पट्टा म्हणजे जवळजवळ सगळा युरोप, आफ्रिकेची वरची भूमध्य समुद्राकडची कड, तुर्कस्तान-इराणकडून मध्य आशिया, आणि आपल्याकडं येता येता हिमालय. काश्मीर-हिमाचलात फिरायला गेलात तर गवताळ उतारावर पांढरे गोंडे दिसतील ते हेच. खाली उटीच्या लॉनमध्ये पण दिसतो, पण तिथं तो साहेबानं आणलेला, आणि थंड हवा मिळाली म्हणून रुळलेला. म्हणजे घरचा वेगळा, आणलेला वेगळा आणि रुळलेला वेगळा, हे तीन शब्द डोक्यात वेगळे ठेवा. पुण्यामुंबईला नोकरीला गेलेला सोलापूरकर तिकडं फ्लॅट घेतो, पण गाव विचारलं की सोलापूरच सांगतो ना, तसं.

आणि ह्या क्लोव्हरची जन्मकथा पण रेंजचीच आहे. दोन वेगळ्या जातींचा संकर होऊन हा झालेला, त्यातली एक युरोपच्या समुद्रकाठावर राहणारी आणि दुसरी उंच डोंगरात राहणारी, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून काढलेला अंदाज असा की साधारण १५ ते २८ हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, बर्फानं जागा आवळल्यावर ह्या दोघी एका ठिकाणी आल्या. आईबाप आपापल्या छोट्या कोपऱ्यात राहिले आणि पोरगं जगभर फिरलं. जपानला तर ते पॅकिंग मटेरियल म्हणून पोचलं, डच लोकांच्या जहाजातनं काचेची भांडी यायची त्यात वाळलेला क्लोव्हर भरलेला असायचा, म्हणून जपानी भाषेत त्याचं नावच भरायचं पांढरं गवत अशा अर्थाचं आहे. आपल्याकडं आंब्याच्या पेटीत पेंढा घालतात तसलंच.

तर मग सोलापुरात तो आपोआप का नाही? थंडी कमी पडते म्हणून, हे अर्धंच उत्तर. खरी गोची टायमिंगची आहे. क्लोव्हरच्या कितीतरी जाती भूमध्य समुद्राभोवतीच्या, तिकडं पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. म्हणजे थंडी आणि ओल एकाच वेळी मिळते, बी थंडीत उगवतं, वसंतात फुलतं, उन्हाळ्यात बी जमिनीत झोपून राहतं. आपल्याकडं उलटं. पाऊस येतो तेव्हा गरमी, त्यातही आपला जोराचा पाऊस सप्टेंबरात, आणि डिसेंबरात हवा छान गार पडते तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत. ओल आहे तेव्हा गारवा नाही, गारवा आहे तेव्हा ओल नाही. त्यात एप्रिल-मेला चाळीसच्या वर पारा. मालदांडी ज्वारी काळ्या रानातल्या खोल ओलीवर निघते कारण तिची मुळं खोल जातात, पांढऱ्या क्लोव्हरची मुळं वरच्या वर पसरणारी, त्याला हे जमत नाही. हे एवढं समजलं की रेंजचा नकाशा नुसता रंगवलेला कागद वाटत नाही, त्याच्यामागं पाऊस-थंडीचं गणित दिसायला लागतं.

नकाशा बघायचा कसा ते पण सांगतो. लंडनच्या क्यू गार्डनची झाडांची मोठी वेबसाइट आहे, फुकट आहे, त्यात शास्त्रीय नाव टाकायचं. हिरवा रंग म्हणजे घरचा, जांभळा म्हणजे आणलेला. पण इथं एक फसगत आहे, तो नकाशा तुकड्यातुकड्यानं रंगवतात, म्हणजे एखादं झाड एका मोठ्या तुकड्याच्या एकाच कोपऱ्यात असलं तरी अख्खा तुकडा रंगतो. भाचीनं एकदा स्क्रीनशॉट पाठवला, मामा बघ आपल्यावर पण रंग आहे. रंग आहे गं, पण तो रंग हजार-दीड हजार किलोमीटर लांबच्या डोंगरासाठी असू शकतो. म्हणून रंग बघून झाला की ठिपक्यांचा नकाशा बघायचा, जीबिफ किंवा आयनॅचरलिस्टवर, एकेक ठिपका म्हणजे कुणीतरी तिथं बघितलेलं एकेक झाड, आणि ठिपका उघडून बघायचा की ते रानात होतं का कुणाच्या कुंडीत. उंची बघायची, महिना बघायचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर, तुमच्या झाडाचे सगळे ठिपके दोन हजार मीटरच्या वर असतील तर विषय संपला. आणि फोनमधल्या ॲपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, माझ्या फोननं आंबुशीला दोनदा क्लोव्हर म्हणलंय आणि एकदा तर कोथिंबिरीला काहीतरी भलतंच.

बरं, मग आपल्याकडं क्लोव्हर म्हणून जे दिसतं ते काय असतं. चारच गडी आहेत, एकदा ओळख झाली की संपलं.

पहिली आंबुशी. कुंडीत, मोरीच्या बाहेर, सोसायटीच्या पायरीच्या फटीत, कुठं पण. तीन पानं, पण प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं, पत्त्यातला बदाम असतो ना तसं, टोकाला खाच, आणि कडा अगदी गुळगुळीत. फूल पिवळं पाच पाकळ्यांचं. शेंग उभी, छोट्या भेंडीसारखी, पिकल्यावर हात लावला की फाटकन उडून बी अंगावर येतं. पान आंबट, लहानपणी खाल्लंच असेल, काही घरात चटणीत पण घालतात, थोडं खाल्लं तर काही नाही, फार नको कारण त्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं, मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तर लांबच राहावं. हिचं आणि क्लोव्हरचं काडीचं नातं नाही, घराणंच वेगळं. नर्सरीतल्या कुंडीबरोबर गुलाबी फुलांची मोठी आंबुशी येते ती पण ह्यातलीच, अमेरिकेकडची, खाली बारीक कांदे असतात आणि एकदा कुंडीत शिरली की निघत नाही. चार पानांवर मधोमध गडद जांभळा डाग असलेलं लकी क्लोव्हर म्हणून जे विकतात ते पण मेक्सिकोकडचं ऑक्सॅलिस, म्हणजे आंबुशीचंच घराणं, मी स्वतः एका नर्सरीतनं पैसे मोजून आणलंय, घरी येऊन पान चावलं तेव्हा आंबट लागलं आणि डोकं ठिकाणावर आलं.

दुसरं ते भाचीचं हिप्परग्याचं. ते मार्सिलिया, आणि गंमत म्हणजे ते फुलझाडच नाही, ते नेचे आहे, फर्न. चिखलात किंवा उथळ पाण्यात, प्रत्येक देठाला बरोब्बर चारच पानं, कधी चुकून नाही, नेहमीच. फूल शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. ओळखायची खूण एकच, अगदी कोवळं पान बघा, ते जिलबीसारखं गुंडाळलेलं वर येतं. देठाच्या बुडाशी बारीक कडक काळपट गोळे असतात, तळं आटलं की त्या गोळ्यात ते वर्षानुवर्षं कोरडं पडून राहू शकतं आणि पाणी आलं की परत सुरू. आपल्या दुष्काळी भागातल्या तळ्यांना हे झाड एकदम शोभतं. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणली, मग हे लकी नाही का. म्हणलं, जे उन्हाळाभर भेगाळलेल्या चिखलात पडून राहून परत हिरवं होतं ते लकी नाही तर कोण लकी.

तिसरं लॉनमधलं. हुतात्मा बागेत किंवा कुठल्याही मैदानात हिरवळीत खाली बसून बघा, अगदी बारकी, नखापेक्षा छोटी तीन पानं, टोक थोडं आत दबलेलं, जमिनीला चिकटून पसरलेलं, पानाच्या बगलेत इवलंसं गुलाबी-जांभळं फूल, आणि शेंग मणी ओवल्यासारखी सांध्यासांध्याची. हे डेस्मोडियम ट्रायफ्लोरम, हे शेंगवर्गातलंच पण क्लोव्हर नाही. ह्यालाही काही जण रानमेथी म्हणतात आणि खाली जी सांगणारे तिलाही रानमेथीच म्हणतात. नावाच्या ह्या घोळामुळंच शास्त्रीय नाव पाठ करा म्हणतो, हौस म्हणून नाही.

चौथी खरी रानमेथी, मेलिलोटस इंडिकस, आणि तुम्हाला सोलापूर जिल्ह्यात क्लोव्हरच्या जवळात जवळचं आपोआप उगवलेलं काही बघायचं असेल तर हिलाच शोधा. इंग्रजीत हिला स्वीट क्लोव्हरच म्हणतात. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली हिला नाव दिलं तेव्हा ट्रायफोलियममध्येच टाकलं होतं, पुढं १७८५ ला अल्लिओनी नावाच्या इटालियन माणसानं तिला मेलिलोटसमध्ये हलवलं, म्हणजे कागदावर काही वर्षं ती अस्सल क्लोव्हर होती.

हिला शोधायचं कुठं? जानेवारी ते मार्च, पाण्याखालच्या गव्हात. मोहोळ, पंढरपूर साइडला उजनीच्या कॅनॉलवरचा गहू, नाहीतर विहिरीवरचा, त्याच्या कडेनं बांधाला. रानाच्या मधे नका शोधू, तिथं बहुतेक फवारणी झालेली असते, बांध आणि पाटाची कड हीच जागा. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पिकात पाय घालू नका, उभ्या गव्हातनं शहरातली पोरं मोबाइल धरून चालली की कुणाचंही डोकं फिरतं. गव्हातच का, तर वर म्हणलं ते टायमिंगचं गणित परत बघा. आपण गव्हाला थंडीत पाणी देतो. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या दोन-चार एकरांपुरता आपण भूमध्य समुद्राकाठचा हिवाळाच तयार करतो, गारवा पण आहे आणि ओल पण आहे. रानमेथीचा नैसर्गिक पट्टा भूमध्य समुद्रापासून पश्चिम आशिया ओलांडून भारतापर्यंत, आणि गहू, हरभरा, मेथी ही सगळी मंडळी पण त्याच दिशेची. शेजारपाजार जुनाच आहे, इथं येऊन परत एकत्र राहतात एवढंच.

दिसायला ती उभी वाढते, वीत-दीड वीत ते गुडघ्यापर्यंत. तीन पानं मेथीसारखी, लांबट, वरच्या अर्ध्यात बारीक दाते, आणि मधल्या पानाला स्वतःचा छोटा देठ, ही खूण लक्षात ठेवा. फुलं पिवळी, दोन-तीन मिलिमीटरची, एका बारीक काडीवर ओळीनं. शेंग मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, गोलसर, वर सुरकुत्यांची जाळी, आत बहुतेक एकच बी. वाळल्यावर वास येतो, गोडसर, नव्या वाळलेल्या गवताचा. तो वास कुमारिन नावाच्या द्रव्याचा. ह्याचं बी गव्हात मिसळलं तर पिठाला पण वास लागतो म्हणून शेतकरी वैतागतात.

ह्या वासावरनं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोड वासाच्या क्लोव्हरच्या दुसऱ्या जाती, पिवळी आणि पांढरी, अमेरिका-कॅनडात जनावरांना चारा म्हणून लावायच्या. १९२० च्या दशकात तिथं गाई अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागल्या, शिंगं कापली किंवा छोटी जखम झाली तरी रक्त थांबेना. कारण निघालं ते बुरशी लागलेला वाळला चारा. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन युनिव्हर्सिटीत कार्ल पॉल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाकडं धडकला. त्यावर लिंक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, बुरशीमुळं कुमारिनचं डायकुमारोल होतं हे शोधलं, आणि त्याच वाटेवर पुढं वॉरफरिन निघालं, १९४८ ला आधी उंदराचं औषध म्हणून आणि नंतर माणसांना रक्त पातळ करायची गोळी म्हणून. हार्टचं ऑपरेशन झालेल्या कितीतरी लोकांच्या डब्यात ही गोळी असते, ती एका तणाच्या बुरशीतनं निघालीय. तर गोठ्यासाठी सांगायचं एवढंच की रानमेथी हिरवी, थोडी, कडब्यात मिसळून गेली तर घाबरायचं कारण नाही, पण भिजलेली बुरसटलेली गंजीतली पेंढी काढून टाका, आणि ते लसूणघास-बरसीमलाही लागू. ही घासं हिरवी उपाशीपोटी भरपूर खाल्ली की पोटफुगी होते हे पशुपालकांना मी काय सांगणार, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

बरसीमचं नाव आलं म्हणून, तो मात्र खराखुरा क्लोव्हर. ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम, इजिप्तचा, १९०४ च्या सुमारास सिंधमध्ये आणला आणि तिथनं पंजाब-उत्तर भारतात पसरला. आपल्याकडं कुणी हौशीनं लावला तर थंडीत कापण्या मिळतात, पण गरम व्हायला लागलं की संपतो, म्हणून आपल्या भागात लसूणघासच चालतो, राहुरी कृषी विद्यापीठाचं आरएल ८८ हे वाण लोक मागून नेतात. तेव्हा अस्सल क्लोव्हर हातात धरून बघायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारीत बरसीम लावलेला गोठेवाला शोधा, हा सगळ्यात सोपा रस्ता.

हातात घेतल्यावर काय बघायचं. साधी भिंगाची काच पुरते. देठ जिथं खोडाला चिकटतो तिथं दोन छोटी पातळ टोकं असतात, त्याला उपपर्ण म्हणतात, क्लोव्हरमध्ये ती देठालाच चिकटलेली आणि कागदासारखी असतात. तिन्ही पानं जवळपास एकाच बिंदूतनं निघतात, मेथी-रानमेथीसारखा मधल्याला वेगळा देठ बहुतेक जातींत नसतो. पांढऱ्या क्लोव्हरच्या पानावर फिकट पांढरा कमानीसारखा पट्टा असतो, पण कधी नसतो पण, त्यावर विसंबू नका. सगळ्यात पक्की खूण फुलात. पुष्कळ बारीक फुलं मिळून एक गोंडा, आणि फलधारणा झाली की खालची फुलं तपकिरी होऊन मान टाकतात पण पाकळ्या गळत नाहीत, शेंग आतच झाकलेली राहते. रानमेथीच्या पाकळ्या गळतात आणि शेंग उघडी पडते. एवढं एक बघितलं तरी भांडण मिटतं.

आता लावायचंय म्हणणाऱ्यांसाठी, कारण हा प्रश्न दुकानात येतोच, गवताऐवजी क्लोव्हरचं लॉन करायचं व्हिडिओ बघून. मी केलंय. ऑनलाइन पन्नास ग्रॅमचं पाकीट मागवलं, जुळे सोलापूरच्या घरापुढं दहा बाय दहाची जागा, नोव्हेंबरात टाकलं. बी इतकं बारीक असतं की किलोत पंधरा लाखाच्या आसपास दाणे बसतात, तेव्हा पन्नास ग्रॅम म्हणजे सुद्धा भरपूर. आठ दिवसात उगवलं, शेजारच्या काकू येऊन म्हणल्या मेथी लावली का, जुडी द्या की. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा असं दिसत होतं की सगळ्यांनी फोटो काढले. मार्चमध्ये कडा करपायला लागल्या. नळाला पाणी चार दिवसाआड, त्यात मी टाकीतलं पाणी क्लोव्हरला घालतोय म्हणून घरात वेगळाच विषय सुरू. एप्रिलच्या मध्याला नुसती काळी माती आणि भेगा. विकणाऱ्यानं पाकिटावर बारमाही लिहिलं होतं, बारमाही आहेच तो, पण त्याच्या गावी.

तरी हौस असेल तर कुंडीत करा, हिवाळी झाड समजून. पसरट कुंडी, सहा इंच खोल पुरे. नुसती काळी माती नको, ती तडकते आणि चुनखडीमुळं पीएच आठच्या आसपास असतो, क्लोव्हरला साडेसहा-सात आवडतो, म्हणून अर्धं कंपोस्ट आणि थोडी वाळू मिसळा. दसरा-दिवाळीच्या दरम्यान, ऊन उतरल्यावर बी टाका, वर मातीचा अगदी पातळ थर, अर्धा सेंटिमीटर, खोल गेलं की उगवत नाही. मुळावर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू बियाला लावायचे असतील तर बरसीमचं कल्चर मागा, ते त्यातल्या त्यात जवळचं, लसूणघासाचं किंवा मेथीचं चालत नाही कारण त्यांच्या मुळावरचा जिवाणू वेगळा. युरिया अजिबात नको, नत्र वरनं मिळालं की झाड मुळावर गाठी कशाला करेल. दीड महिन्यानं एक रोप उपटून गाठ नखानं फोडा, आत गुलाबी दिसली म्हणजे काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. सकाळचं ऊन द्या, फेब्रुवारीनंतर दुपारची सावली. पान चुरगळून जनावराला किंवा पोरांना खायला देऊ नका, पांढऱ्या क्लोव्हरच्या काही झाडांत पान चिरडलं की थोडं सायनाइड सुटतं, सगळ्यांत नाही. ह्यातही गावाचाच हिशोब आहे, हिवाळा जितका कडक तितकी ही विषारी झाडं कमी, हे युरोपात १९५० च्या दशकातच दिसलं होतं, आणि २०२२ साली जगभरातल्या १६० शहरांचा अभ्यास आला त्यात शहर आणि खेड्यातल्या क्लोव्हरमध्ये पण हा फरक पडत चाललाय असं निघालं.

घरापुढं तिपानी हिरवळच पाहिजे असेल तर माझं ऐका, ते लॉनमधलं बारकं डेस्मोडियम वाढू द्या. पावसाळ्यात आपलं आपण पसरतं, तुडवलं तरी मरत नाही, आपल्याच उष्ण पट्ट्यातलं आहे, आणि फुकट आहे. मात्र बाहेरचं कुठलंही बी, क्लोव्हर असो का काही, माळावर किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडं सहलीला गेल्यावर गंमत म्हणून टाकू नका. तिथल्या गवताळ माळाला कुणाच्या लकी पानांची गरज नाही.

आणि फोटो पाठवणार असाल तर एकट्या पानाचा नको. पानाची वरची बाजू, देठ-खोडाचा सांधा, फूल, शेंग असे चार, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि कुठं, कधी, पाण्याकाठी का रानात का कुंडीत एवढं लिहा. झाड भरपूर असेल तर एक काडी वहीत दाबून वाळवा, रद्दीचा कागद दोन दिवसांनी बदलत राहायचा, नाहीतर बुरशी येते.

भाचीनं फेब्रुवारीत तेच केलं. मोहोळजवळ मैत्रिणीच्या शेतात हुरड्याला गेली होती, गव्हाच्या बांधावरनं पिवळ्या फुलांची एक काडी आणली, केमिस्ट्रीच्या वहीत दाबली. आठ दिवसांनी मेसेज आला, मामा, मधल्या पानाला देठ आहे, पाकळ्या गळाल्यात, शेंगेवर जाळी आहे, आणि अख्ख्या वहीला गवताचा गोड वास येतोय, सरांनी वर्गात विचारलं हे काय आहे.